पाहुण्यांचं बटण

मीटर बसवायला आलेला पोरगा म्हणाला,
कुणाला सांगायचं नाही.
वडगावात, विणकर गल्लीत,
एका घरात फोडणी पडली की चार घरं शिंकतात,
तिथं म्हणे कुणाला सांगायचं नाही.
बरं, म्हटलं.

एक नंबरचं बटण मालकांचं, दोन माझं,
तीन विरूपाक्षाचं. तो बेंगळूरला, बटणावर धूळ.
शेवटचं पाहुण्यांचं.
बघायला बसलं की दाबायचं, उठलं की दाबायचं.
पाणी प्यायला उठलं तरी?
पोरगा हसला. पाण्याला नको, मावशी.

एरवी आठवडाभर आमचा टीव्ही मुकाच.
सोप्यात चार माग, रात्री दहापर्यंत.
भिंतीवरचं कॅलेंडर हलतं त्या खडखडाटात,
तिथं त्या बाईचं रडणं कुणाला ऐकू येणार?
कांड्या भरता भरता बघायचं नुसतं तोंडांकडं.
खोटं कोण बोलतंय ते ओठांवरून कळतं.
मराठी लागलंय की कानडी, तेही विचारत नाही कुणी.
आवाज गेला की चॅनलची भाषाही जाते.

शनिवारी मात्र सातला माग बंद. पगार.
एवढी शांतता होते एकदम
की थोडा वेळ कानातच माग चालू राहतो.
मग साडेसातला मालिका,
आठवड्यातली एकच, कानांनी बघितलेली.
गिरिजव्वा यायची, शेजारची शकुंतला ढवळी,
ताणा जोडणारी महादेवी, मागं तिच्या दोन पोरी.
गिरिजव्वाला मराठी अर्धं कळतं,
उरलेलं मी कानडीत सांगायची, माझं कानडीही अर्धंच.
दोन अर्ध्यांतून तिला भलतीच गोष्ट कळायची,
आणि ती खऱ्या गोष्टीपेक्षा बरी असायची.
मी पाहुण्यांचं बटण दाबत बसायची:
बाई, साठ. बाई, चाळीस. मुलगी, बारा.
काय गं दाबायलीस, शकुंतला म्हणायची.
करंट मोजतंय ते, म्हणायची मी.

मग चॅनलवाल्यांनी मालिका साडेसहाला नेली.
साडेसातला नाचाची स्पर्धा,
शनिवार-रविवार, दीड-दीड तास.
नाच बघायला कान लागत नाहीत.
तो आम्हाला मंगळवारीही चालला असता.
साडेसहा म्हणजे साडी उतरवायची घाई,
तुटलेला धागा, मालकांचा आवाज,
आणि पडद्यावर ती बाई काहीतरी
फार महत्त्वाचं बोलतेय.
चार शनिवार मी माझं बटण दाबलं. पाचव्याला विसरले.

पोरगा आला. डबी बिघडलीय काय मावशी?
शनिवारी तुमच्या घरात कुणीच दिसत नाही.
दिसत नाही कसं, सात माणसं होतो की,
मी म्हटलं, मागाच्या शेजारी उभी राहून.
त्यानं मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं.
त्याला ओठ वाचता येत नव्हते.

दाराबाहेर गेल्यावर म्हणाला,
वरचे म्हणतात, सीमाभागातली माणसं कंटाळलीत,
नायिकेचा नवरा आवडेना झालाय त्यांना.

तीन आठवड्यांनी जीप दरीत गेली.
चांगला होता बिचारा, घरात भांडी घासायचा.
आमच्या चार मागांनी मारला.

त्याच्या तेराव्याच्या शनिवारी
मी साडेसहाला मेन स्विच खाली ओढला.
मालक बाहेर येऊन बघत राहिले.
चार माग, अर्धा तास, हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता.
मग टॉवेल झटकून बसले माझ्या शेजारी,
मी एक नंबर दाबला, दोन दाबला.

माग थांबलेला ऐकून गिरिजव्वा आली धावत,
हातात पीठ तसंच.
यारु सत्तरु? कोण मेलं?
मी पडद्याकडं बोट केलं.
ती उंबऱ्यातच बसली, पदर तोंडाला लावून.

तिचं वय आता एकसष्ट झालं असेल,
तरी मी साठच दाबलं.